भरीचे कपडे

ड्रायरवरचा निळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा उज्ज्वला रोकडे नवऱ्याला बोलत होती. कारण नेहमीचंच होतं. हणमंतने शर्टांच्या कॉलरआड काढलेल्या खुणा दिवसेंदिवस बारीक होत चालल्या होत्या, आणि घड्या लावताना तिला एकेक शर्ट उजेडात धरून बघावा लागत होता.

"शाई महाग झालीय का?" ती म्हणाली. "मुंग्या चालल्यागत काढून ठेवता. मला दिसंना झालंय."

"चष्मा बदल," हणमंत म्हणाला आणि त्याने इस्त्री पुढे रेटली.

खरं तर आता खुणांची गरजच उरली नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीला चिप होती आणि कुठली पिशवी कुणाची ते दुकानातल्या पडद्यावर दिसायचं. पण हणमंत परटाच्या घरातला. त्याचे वडील घरोघर फिरून कपडे गोळा करायचे आणि बिब्ब्याच्या काळ्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यात त्या त्या घराची खूण काढायचे. कुणाची दोन टिंबं, कुणाची फुली, कुणाची आडवी रेघ आणि खाली एक टिंब. हणमंतने बिब्बा सोडून शाईचं पेन घेतलं, एवढीच काय ती सुधारणा. चिप पिशवीला असते, कपड्याला नसते, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढणं अवघड होतं.

त्यांचं दुकान कराडच्या विद्यानगरात, वसतिगृहांच्या गल्लीत होतं. धुण्याची चार मशिनं, दोन ड्रायर आणि दाराजवळ हणमंतचं इस्त्रीचं टेबल. कपडे धुणं आता कुणालाच जड जात नव्हतं, अडचण होती ती वाळवण्याची. गॅलऱ्या बंद करून लोकांनी त्यांच्या खोल्या केल्या होत्या आणि गच्च्या सौर पॅनेलांनी भरून गेल्या होत्या. दोरी बांधायला जागा म्हणून कुणाकडे उरली नव्हती. दुकान चालायचं ते ड्रायरच्या जिवावर.

नवा ड्रायर घेताना कंपनीचा माणूस पुष्कळ बोलला होता. ड्रम दोन्ही बाजूंना फिरतो म्हणून चादरींचा गोळा होत नाही, गरम हवा बाहेर न फेकता पुन्हा पुन्हा वापरतो म्हणून वीज निम्मी लागते, कपडे वाळले की आपणहून थांबतो. उज्ज्वलाने दोनच गोष्टी विचारल्या. लव साठते ती जाळी न वाकता काढता येते का, आणि दार डाव्या हाताला उघडतं का. दोन्हींची उत्तरं होकारार्थी आली आणि ड्रायर दुकानात आला. नाकाबद्दल तो माणूस शेवटी, चहा पिता पिता बोलला.

या नाकाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यानेच घडवलं. पूर्वीचे ड्रायर घड्याळावर चालत. वेळ संपली की थांबत, मग कपडे ओले असोत की करपलेले. नंतर बाहेर पडणाऱ्या हवेतली ओल मोजणारे ड्रायर आले. या ड्रायरमध्ये ओल मोजणाऱ्या काडीशेजारी नखाएवढी एक पट्टी होती, आणि तिच्यावर अनेक पातळ थर होते. हवेतले वेगवेगळे रेणू येऊन चिकटले की एकेक थर कमीजास्त फुगायचा. कुठला थर किती फुगला यावरून वास ओळखायचा, एवढीच युक्ती. पॉलिस्टर करपायच्या आत मशिन थांबावं म्हणून ती बसवली होती.

पण तापलेल्या कपड्यांतून निघणाऱ्या हवेत नुसतं कापड नसतं, ते कपडे घालणारा माणूसही असतो. कातडीचं तेल कपड्यात मुरतं आणि साबणाने ते पुरतं जात नाही. कॉलर पिवळी पडते ती त्यामुळेच. काही आजारांत हे तेल बदलतं, आणि माणसाला काही कळायच्या कितीतरी आधी बदलतं. कंपवातात तर हात थरथरायला लागण्याच्या काही वर्षं आधी. त्या बदलाला वास असतो हे संशोधकांना ठाऊक होतं. अडत होतं ते एवढ्यावरच, की निरोगी दिसणाऱ्या हजारो माणसांचे कपडे दर आठवड्याला हुंगणार कोण? ते काम लाँड्रीतला ड्रायर बसल्या जागी करू लागला. त्याच सुमाराला कंपवात जागच्या जागी रोखून धरणारं औषध निघालं होतं, मात्र ते लवकर सुरू केलं तरच लागू पडायचं. म्हणून सरकारने गंधतपासणीला परवानगी दिली आणि सोबत अटी घातल्या. तीन ड्रममध्ये तोच वास सापडला तरच सूचना जायची, आणि ती थेट पिशवीच्या मालकाच्या फोनवर. लाँड्रीवाल्याला दिसायचा फक्त एक निळा दिवा. नाकाला काहीतरी सांगायचं आहे, इतकाच त्याचा अर्थ. काय सांगायचंय ते त्याने विचारायचं नाही.

ड्रायरच्या दारावर दोन नियम छापले होते. एका ड्रममध्ये एकच पिशवी घालावी. आणि ड्रम अर्ध्याहून कमी भरू नये, कारण थोडे कपडे ड्रमच्या कडेला चिकटून फिरतात, मग धड वाळतही नाहीत आणि नाकापर्यंत त्यांची हवाही पोचत नाही. ज्यांचे कपडे थोडे असतील त्यांच्यासाठी कंपनी भरीचं पांढरं कापड विकायची.

उज्ज्वलाला हे कापड विकत घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटला. वाळवायला कपडे कमी पडतात म्हणून कुणी कपडे विकत आणतं का? घरात ओल्या कपड्यांची कमी नव्हती. एकट्यादुकट्याची पिशवी आली की ती आपल्या घरचं काहीतरी भरीला टाकायची. यात तिला काही गैर वाटलं नाही, कारण सासऱ्यांच्या काळापासून हेच चाललं होतं. भट्टीला कपडे कमी पडले की घरचे टाकायचे. घरच्या कपड्यांवर खूण नसायची. ज्यावर खूण नाही ते आपलं, असं सासरे म्हणायचे, आणि जे आपलं ते मोजायचं नाही. दुसरा नियम उज्ज्वला काटेकोर पाळत होती, आणि पहिलाही आपण पाळतोच आहोत असं तिला मनापासून वाटत होतं.

नवा ड्रायर आल्यानंतरच्या त्या पहिल्याच मंगळवारी दिवा लागला तो डॉक्टर मृण्मयी पाटणकरच्या ड्रमवर.

*

मृण्मयीचा दवाखाना गल्लीच्या पलीकडच्या अंगाला होता. तिशी ओलांडलेली, एकटी राहणारी दातांची डॉक्टर. उज्ज्वलाची दाढ तिनेच वाचवली होती, आणि तीही इतकी हळुवार, की उज्ज्वलाला खुर्चीतच झोप लागली होती. तेव्हापासून उज्ज्वला तिचं कौतुक गिऱ्हाइकांना ऐकवत असे, त्यांनी विचारलेलं नसलं तरी. मृण्मयी या दोघांना काका-काकू म्हणायची आणि दर मंगळवारी निम्मीच भरलेली पिशवी आणून टाकायची.

निळा दिवा पुढच्या मंगळवारीही लागला, आणि त्याच्या पुढच्याही. उज्ज्वला मुकाट्याने बघत राहिली. विचारायचं नाही म्हणजे नाही. पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भर दुपारी ती रिकामी जाळी पुन्हा पुन्हा काढून झटकायची.

मग एके दिवशी मृण्मयी पिशवी न्यायला आली ती काउंटरशीच थांबली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. हणमंत पोचवायच्या चादरी घेऊन वसतिगृहावर गेला होता. तिने आपणहूनच सगळं सांगितलं. सूचनेत कंपवाताचं नाव होतं, आणि पुढे दाट शक्यता असं लिहिलं होतं. ती पुण्याला मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी तिला चालवून पाहिलं, बोटं आपटायला लावली, कागदावर भोवऱ्यासारखी गोल गोल रेघ काढायला लावली. सगळं व्यवस्थित होतं. ते व्यवस्थित असणारच, असं ते म्हणाले, कारण नाक या सगळ्याच्या आधी ओळखतं. नाकाला खोटं पाडेल अशी कुठलीही तपासणी त्यांच्याकडे नव्हती. तीनदा जुळलंय म्हणजे औषध सुरू करावं, असा त्यांनी सल्ला दिला.

"हात आत्ता चांगला आहे, काकू," मृण्मयी म्हणाली. तिने उजवा हात काउंटरवर पसरून ठेवला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. "पण पेशंटच्या तोंडात ड्रिल असताना मला नुसती शंका आली तरी पुरे आहे. आणि शंका आता रोज येते. परवा एकाला अर्ध्यातून परत पाठवलं मी."

उज्ज्वलाने तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"एकच विचारते," मृण्मयी म्हणाली. "ड्रममध्ये माझेच कपडे होते ना? दुसऱ्या कुणाचे मिसळले नव्हते?"

"देवाशप्पथ सांगते, डॉक्टर. दुसऱ्याची एक चिंधी आत नव्हती."

हे उज्ज्वलाने खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ड्रम आला, त्यात मृण्मयीचे कुडते आले, पांढरे अ‍ॅप्रन आले, आणि बाकी जे होतं ते आपलं होतं. ते तिला दिसलंच नाही.

मृण्मयीने मान हलवली आणि पिशवी उचलली. त्यानंतर तिने कपडे पाठवणंच बंद केलं. खोलीत पंख्याखाली दोरी बांधून ती ते वाळवू लागली. महिन्याभरातच गल्लीत बातमी आली की पाटणकर डॉक्टर दवाखाना देऊन टाकणार. शहरोशहरी दवाखाने चालवणारी एक मोठी कंपनी जागेसकट खुर्ची विकत घेणार होती, आणि मृण्मयी पुण्याला जाऊन एक्स-रे वाचायची नोकरी धरणार होती. त्या कामात हाताला काही करावं लागत नाही.

हणमंतला बातमी ऐकून वाईट वाटलं. "चांगला हात होता पोरीचा," तो म्हणाला. उज्ज्वला त्या दिवशी जेवली नाही.

*

मृण्मयीचा मंगळवार मोकळा झाला, तसा त्या वेळेला फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीची पिशवी लागू लागली. तिचेही कपडे थोडेच. उज्ज्वलाने सवयीने सकाळचे घरचे कपडे भरीला टाकले, दार लावलं आणि ती घड्या करायला बसली. थोड्या वेळाने सहज वर पाहिलं तर निळा दिवा लागला होता.

पहिल्यांदा तिला त्या मुलीची कीव आली. एकोणीस वर्षांची पोर, अजून तर अंगात बाळसं आहे. मग तिला राग आला. हे मशिनच बिघडलंय, उगाच कुणाच्याही मागे लागतंय, असं वाटून ती तरातरा ड्रायरपाशी गेली आणि काचेतून आत बघत उभी राहिली. मुलीचा पिवळा टॉप वर यायचा आणि खाली पडायचा. जीन्स यायची. मध्येच एक बाह्यांची बनियन काचेला येऊन चिकटली, सरकली आणि खाली गेली. ड्रम थांबला, उलटा फिरू लागला आणि बनियन पुन्हा वर आली.

मंगळवार. हणमंतचं धुणं मंगळवारी निघायचं. आपले कपडे तो स्वतः, हाताने, साध्या वडीच्या साबणाने धुवायचा. मशिनमध्ये अंगाचा मळ निघत नाही म्हणायचा. इतर दिवशी भरीला काय जायचं? टॉवेल, पडदे, तिच्या साड्या. हणमंतचे कपडे जायचे ते मंगळवारीच. आणि मंगळवारी मृण्मयीची पिशवी असायची.

उज्ज्वलाने ड्रायर मध्येच बंद केला. घरचं सगळं उपसून बाहेर काढलं, त्या मुलीचे कपडे दुकानातल्या कोऱ्या चादरींबरोबर पुन्हा लावले. दिवा लागला नाही. मग आपल्या साड्या आणि परकर त्याच चादरींबरोबर लावले. दिवा लागला नाही. उरल्या हणमंतच्या बनियनी. त्या तिने बादलीत टाकल्या आणि बादली मोरीत ठेवून दिली. पुन्हा काउंटरवर आली, पेन उचललं, ठेवलं, पुन्हा मोरीत गेली.

"काय झालंय तुला?" हणमंतने विचारलं. "बूड टेकत न्हाई तुझं आज."

"पाठ भरलीय," ती म्हणाली.

शेवटी तो चहाला बाहेर पडला तेव्हा तिने बनियनी त्याच चादरींबरोबर ड्रममध्ये टाकल्या. दिवा लागायला फार वेळ लागला नाही.

*

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती नवऱ्याकडे बघायची, आणि मग बघायला नको म्हणून उठायची. आता तिला सगळं दिसायला लागलं होतं. चालताना त्याचा उजवा हात हलत नव्हता, शरीराशी धरल्यासारखा राहायचा. शर्टाची वरची गुंडी लावायला त्याला वेळ लागायचा. सदऱ्याच्या बाहीवर एकाला दोन घड्या पडायच्या, ज्या माणसाने जन्मात दुहेरी घडी पाडली नव्हती त्याच्या हातून. आणि त्या खुणा. कितीतरी महिने ती त्या खुणांवरून त्याला टोचून बोलत होती. आळशी म्हणाली होती, चिकट म्हणाली होती, गिऱ्हाइकांसमोर हसली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मृण्मयीला सांगायला हवं, हे तर उघडच होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागोमाग कपडे कुणाचे, हा प्रश्न येणार होता. उत्तर दिलं की ते खरं होणार होतं. अजून कुठल्याही कागदावर, कुठल्याही फोनवर हणमंत रोकडेचं नाव नव्हतं. सकाळी उठून तो चहा पीत होता, इस्त्री तापवत होता, बातम्यांवर वाद घालत होता. मृण्मयी शिकलेली आहे, तरुण आहे, तिला पुण्यात चांगली नोकरी लागतेय. दिवा तिच्या नावावर गेलाय तर राहू दे. हे मनात आलं आणि उज्ज्वलाला स्वतःचीच शिसारी आली. तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं.

मग शुक्रवारी मृण्मयीच्या दवाखान्यातली मदतनीस बाई चादर टाकायला आली. ती म्हणाली, उद्या सह्या आहेत, खुर्चीसुद्धा तेच लोक घेणार, बाईसाहेब कालपासून रिकाम्या खुर्चीत बसून आहेत. उज्ज्वलाने चादर घेतली, काउंटरवर ठेवली आणि दुकान तसंच टाकून ती गल्ली ओलांडून गेली. हणमंतने मागून हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात खोकी भरलेली होती. मृण्मयी खरंच खुर्चीत बसली होती, पेशंटच्या. उज्ज्वलाला बघून ती हसली आणि म्हणाली, काकू, दाढ दुखतेय का, आता मी नाही हात लावणार.

"ड्रममध्ये माझ्या घरचे कपडे होते," उज्ज्वला उभ्या उभ्याच म्हणाली. "तिन्ही वेळा. तुमचे कमी पडायचे म्हणून भरीला टाकले होते. दिवा तुमचा नव्हता, डॉक्टर. मी ते वेगळे लावून बघितलेत."

मृण्मयीला ते पोचायला वेळ लागला. मग ती उठून उभी राहिली. तिने खुर्चीची कड पकडली आणि एकाएकी ती हसायला लागली, मोठमोठ्याने, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ते हसणं ऐकताना उज्ज्वलाला ती मुलगी क्षणभर नकोशी झाली. मग तिला कळलं की असं हसायचा तिला पुरा हक्क आहे, आणि ती खाली मान घालून उभी राहिली.

हसणं ओसरलं तसा मृण्मयीचा चेहरा बदलला. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "काउंटरवर उभी राहून विचारलं होतं. तुम्ही देवाची शपथ घेतलीत."

"घेतली."

"मी औषध सुरू करणार होते. मी हे सगळं," तिने खोक्यांकडे हात केला आणि ती थांबली. राग तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता आणि तिने तो लपवला नाही. पण ती डॉक्टर होती, आणि पुढचा प्रश्न तिच्या तोंडून आपसूक आला. "घरचे म्हणजे कुणाचे?"

उज्ज्वलाने दाराकडे पाहिलं. समोर गल्लीपलीकडे, काचेआड, हणमंत इस्त्री करत होता. बायको काम टाकून अशी कुठे गेली म्हणून मध्येच बाहेर बघत होता. मृण्मयीही बघू लागली. तो चादर ओढून घेत होता, डाव्या हाताने. उजवा नुसता बरोबर होता.

"काकांना सांगितलंत?" मृण्मयीने हळू आवाजात विचारलं.

"नाही."

"आधी इकडे आलात?"

"तुमची उद्या सही होती," उज्ज्वला म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.

*

हणमंतला सांगायला दोघी गेल्या. त्याने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि ऐकून घेतलं. हाताचं त्याच्या लक्षात आलं होतं, पण त्याला ते वयाचं वाटलं होतं. जन्मभर पाच किलोची इस्त्री फिरवली, हात थकणारच. मृण्मयीने समजावून सांगितलं की दिवसांवर बरंच अवलंबून आहे, औषध आत्ता लागू पडेल, जे गेलंय ते पुरतं परत येणार नाही पण पुढचं रोखता येईल. मात्र औषध मिळायला त्याच्या स्वतःच्या नावावर सूचना यायला हवी. म्हणजे त्याची स्वतःची पिशवी, स्वतःचे कपडे, आणि तीन ड्रम.

"म्हणजे मी माझ्याच दुकानातला गिऱ्हाईक," हणमंत म्हणाला. तो हसला, पण कुणी बरोबर हसलं नाही.

उज्ज्वलाने कंपनीला फोन करून झालेली चूक सांगितली. कंपनीने मृण्मयीची सूचना रद्द केली, उज्ज्वलाला कडक शब्दांत समज दिली आणि एक माणूस येऊन दारावर तिसरा नियम चिकटवून गेला: भरीला कुणी वापरलेलं कापड टाकू नये. मृण्मयीने सह्या केल्या नाहीत. खोकी उघडायला मात्र तिला बरेच दिवस लागले. पहिली दाढ तिने किती घाबरत भरली ते तिने नंतर उज्ज्वलाला सांगितलं. शंका एकदा शिरली की दिवा विझला म्हणून लगेच जात नाही, म्हणाली. ती उज्ज्वलाशी बोलायची, पण पूर्वीसारखी काउंटरवर रेंगाळायची नाही. उज्ज्वलाने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, तेवढं आपल्याला सोसलं पाहिजे असं तिने ठरवलं होतं.

हणमंतची पहिली पिशवी लावायची त्या मंगळवारी उज्ज्वलाने सकाळपासून दुकान दोनदा झाडलं. पिशवीला चिप लागली, पडद्यावर नाव आलं. हणमंतने धुतलेल्या बनियनी टेबलावर पसरल्या आणि पेन उघडलं.

"आपली खूण काय?" उज्ज्वलाने विचारलं.

"आपली कुठं होती?" तो म्हणाला. "आपल्यावर काढतच नव्हतो की."

तो बराच वेळ विचार करत राहिला. बापाने गावातल्या सगळ्या घरांना खुणा दिल्या होत्या आणि चांगल्या चांगल्या सगळ्या वाटून संपल्या होत्या. शेवटी त्याने एक वर्तुळ आणि त्यात एक टिंब काढायचं ठरवलं. डाव्या हाताने कापड ताणून धरलं, उजव्या हाताने पेन टेकवलं. मोठी काढायची असं मनाशी धरूनच तो काढत होता, ते त्याच्या ओठांवरून दिसत होतं. वर्तुळ ज्वारीच्या दाण्याएवढं आलं. टिंब आत मावलंच नाही.

उज्ज्वला बनियनी उचलून ड्रायरपाशी गेली. आत टाकल्या तर ड्रमच्या तळाशी जेमतेम ढीग झाला. कंपनीचं भरीचं कापड मागवलं होतं, पण ते अजून आलं नव्हतं, आणि कोऱ्या चादरी सकाळीच वसतिगृहावर गेल्या होत्या. ती दार उघडं धरून उभी राहिली. घरचा कपड्यांचा गठ्ठा हाताशीच होता आणि तिला त्याच्याकडे बघायचीही भीती वाटत होती.

तेवढ्यात मृण्मयी आली. तिच्या हातात धुवून आणलेल्या ओल्या अ‍ॅप्रनांचा गठ्ठा होता. दवाखान्यासाठी नवे शिवून घेतले होते, कांजी काढायला नुसते पाण्यातून काढले होते, अजून कुणाच्याही अंगाला लागले नव्हते. तिने उज्ज्वलाकडे बघितलं, ड्रमकडे बघितलं आणि गठ्ठा पुढे केला.

"माझे टाका भरीला," ती म्हणाली.

ड्रायर सुरू झाला. तिघंही काचेसमोर बाकावर बसली. दिवा लागावा अशी इच्छा धरायची होती, आणि तशी इच्छा धरणं उज्ज्वलाला जमत नव्हतं. तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. ड्रम थांबून उलटा फिरला. अ‍ॅप्रन वर यायचे, त्यात मध्येच एक बनियन. मग दिवा लागला, आणि हणमंतने सुस्कारा सोडला. मृण्मयी त्याला म्हणाली, एक झाला, दोन राहिले.

कपडे वाळल्यावर हणमंतने ते स्वतः बाहेर काढले. अ‍ॅप्रन एकीकडे ठेवले, बनियनी एकीकडे. शेवटची बनियन उलटी करून त्याने खुणेवर बोट फिरवलं, डोळे बारीक केले आणि ती उज्ज्वलापुढे धरली.

"बारीक झाली का गं फार?" त्याने विचारलं.

उज्ज्वलाने चष्मा लावला नाही. बनियन उजेडाकडेही नेली नाही. घडी घालून तिने ती पिशवीत ठेवली.

"दिसतीय की," ती म्हणाली. "चांगली दिसतीय."